दयेपोटी कापलेले तास

आणि वर मलाच विचारताय, "तुला घड्याळ तरी कळतं का रे?" हे बरं आहे मामा! घर तुम्ही पेटवायचं आणि धूर का झाला म्हणून मला झापायचं. चांडे ड्रायव्हरच्या फोनवर तुम्ही जो निरोप बोलून पाठवलात, तो त्यानं इथे बसस्टँडवर भर गर्दीत, आवाज पार वर करून लावला. 'झांबियाचं पाणी प्यायल्यापासून पोराला वेळ कळेना, काळ कळेना, शेकुएच्या अंगणात माझं नाक कापलं' हे सगळं केळी विकणाऱ्या बायकांनी हातातलं काम सोडून ऐकलं. एकीला तर माझी इतकी कीव आली की तिनं एक केळं फुकट दिलं. केळं मी खाल्लं (भूक होती), पण अपमान अजून घशातच अडकलाय. तो बाहेर काढायला हे पत्र लिहितोय. फोन मुद्दाम करत नाही. फोन केला की तो कुठल्या तरी वेळेला वाजतो, आणि वेळ ह्या वस्तूशी माझं आता जन्माचं वैर आहे. पत्र बिचारं वाजत नाही. चांडेच्या खिशातून जाईल, पोचेल तेव्हा पोचेल.

तरी आई सांगायची, मामाशी भांडायचं झालं तरी आधी पाय धरावेत आणि मग गळा. म्हणून हातिबूमामा, शिकामू, तुमचे पाय धरतो. (तुम्ही वडीलकीनं 'मराहाबा' म्हणून ते पाय धरणं पावतं केलंत असं समजून पुढे जातो. नसेल केलं तर मनात करा, मला काही इथे ऐकू येत नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा खोकला गेला का? ती लाल शेळी अजून लोकांच्या चटया खाते का? मी बरा आहे, म्हणजे हात-पाय जिथल्या तिथे आहेत, डोक्याचं तेवढं सांगवत नाही.

आता तुम्ही म्हणता तशी माझी अक्कल कुठे गेली ते सांगतो. मामा, तुम्ही आपलं मकोकोनी गाव सोडून कधी कुठे गेला नाहीत. तुमच्यासाठी सूर्य वर आला, तासभर झाला की एक वाजतो. मग दोन, मग तीन, डोक्यावर ऊन आलं की सहा, बुडालं की बारा. सरळ माणसाचं सरळ घड्याळ. मीही ह्याच घड्याळावर वाढलो. इथे आलो, नाकोंड्याला टायरच्या दुकानात काम मागितलं. मालक सिमविंगा (पोट असं की जॅक लावून उचलावं) म्हणाला, "उद्या सातला ये." शाळेत चौथीपर्यंत गेल्याचा मला इथे पहिल्यांदा फायदा झाला, कारण सात हा आकडा मला कळला. आणि तिथेच सगळा घात झाला. मी आपला आपल्या सातला गेलो. सकाळभर टुंडुम्यात फिरलो, अंघोळ केली, शर्टाला इस्त्री करून घेतली, आणि भर दुपारी, सूर्य माथ्यावरून कलल्यावर, हसतमुखानं हजर झालो. सिमविंगा न्शिम्याचा गोळा मोडून भाजीत बुडवत होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, गोळ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "कामाला यायचं कळत नाही, पण जेवायच्या वेळेला बरोबर पोचलास!" त्यांचा सात म्हणजे आपला एक हो! सकाळी उगवलेल्या कोवळ्या उन्हाला हे लोक सात म्हणतात. एवढ्याशा दिवसाला सात म्हणणं म्हणजे तान्ह्या पोराला आजोबा म्हणणं. पण सांगायचं कुणाला? त्या दिवसाची मजुरी गेली आणि नाव पडलं 'दुपारवाला'. अजून तेच चालतं.

बरं, हा झाला एक घोळ. त्यावर दुसरा घोळ सरकारनं घालून ठेवलाय. टुंडुमा आणि नाकोंडे ही तशी एकच वस्ती. एकच बाजार, एकच चिखल, कुत्रीसुद्धा तीच. मध्ये एक रस्ता आणि एक फाटक. फाटकाच्या अलीकडे टांझानिया, पलीकडे झांबिया. आणि पलीकडे गेलं की एक तास कमी! सूर्य तोच, त्याची सावली माझ्या मागेमागे फाटकातून येते, तिला कुणी काही विचारत नाही, पण तास मात्र माझ्याकडून काढून घेतात. मी राहतो टुंडुम्यात (खोली स्वस्त, आणि आपल्या नारळातल्या भाताचा वास तरी येतो), काम नाकोंड्यात. सकाळी निघतो आणि निघाल्याच्या आधी पोचतो. हसू नका. सिमविंगाला हे बरोबर कळलंय. तो म्हणतो, "तुला रोज सकाळी एक तास फुकट मिळतो ना? मग तो मला दे, दुकान झाड, ट्यूबा पाण्यात बुडवून ठेव." आणि संध्याकाळी त्याच्या घड्याळानं दुकान बंद होतं, तेव्हा फाटकाअलीकडे आणखी एक तास कधीच उलटून गेलेला असतो. सकाळचा फुकटचा तास त्याचा, संध्याकाळी गेलेला तास माझा. मी म्हटलं, "साहेब, हा कुठला न्याय?" तर म्हणतो, "न्याय मागायचा तर फाटकापाशी माग. तास त्यांनी घेतला, मी नाही घेतला." आणि माझा फोन तर माझ्याहून बेइमान. खोलीत उशाशी ठेवला तर टांझानिया दाखवतो, पायाशी ठेवला तर झांबिया पकडतो. झोपेत कूस बदलली की मी परदेशी जातो.

आमच्याकडे टायर घेऊन सगळ्या मुलखांतले ड्रायव्हर येतात, आणि कुणाचीच वेळ कुणाशी पटत नाही. काँगोवाला म्हणतो, आमच्या एकाच देशात दोन वेळा आहेत, लुबुम्बाशीतला माणूस जेवून ढेकर देतो तेव्हा किन्शासातल्याला अजून भूक लागायची असते. अंगोलावाला त्या किन्शासाच्या बाजूचा. किगोम्याचा ड्रायव्हर तर आपल्यावरच चिडलेला. "तुमच्या किनाऱ्यावर वापरून झाला की मग सूर्य आमच्याकडे येतो, पण घड्याळ मात्र आम्ही तुमचंच लावायचं," म्हणे. आणि एक सुदानी म्हातारा आला होता मागे, त्याची कहाणी ऐकून मला माझं दुःख लहान वाटलं. त्याच्या सरकारनं एकदा सगळ्या देशाचा तास पुढे ढकलला आणि बऱ्याच वर्षांनी 'नको, राहू दे' म्हणून परत मागे घेतला. म्हातारा त्याच खुर्चीत बसलेला, खुर्ची तीच, चहा तोच. मी नट घट्ट करत होतो, तर तो मला विचारतो, "पोरा, मधल्या वर्षांत माझ्या पाच नमाजांखेरीज दुसरं काही वेळेवर झालं नाही, ते कुणाच्या खात्यात टाकायचं?" मी म्हटलं, "बाबा, हवा किती भरू?"

हे सगळं सांगतोय अशासाठी की तुम्हाला कळावं, की इथे ज्याला वेळ कळते असा एकही माणूस नाही. आणि अशा मुलखात तुम्ही माझ्या लग्नाचा फोन ठरवलात!

आता त्या शुक्रवाराचं बोलू. मी किडावाबाईला फोन करून सगळं खोदून काढलंय (ती आपली मोबाइलवाली, बोलायला लागली की लपवत काहीच नाही, उलट फुशारकी मारते). ती जे बोलली ते ऐकून मी जॅकचा दांडा हवेत फेकला. तो सिमविंगाच्या डब्यात पडला, ते वेगळं. तातूचे वडील, शेकुएबाबा, तुम्हाला म्हणाले, "स्थळ ठीक आहे, मागणीचं पत्र पोचलं, पण पोराचा आवाज मला स्वतःला ऐकायचाय. शुक्रवारी, नमाजाच्या आधी, चार वाजता फोन करू दे." चार. आपले चार, म्हणजे ऊन चांगलं तापल्यावर. एवढं सोपं होतं. तुम्ही तिथून उठलात आणि मला कळवायला किडावाबाईकडे निघालात, आणि वाटेत तुम्हाला माझी दया आली. 'पोरगं झांबियात आहे, तिकडे एक तास कमी असतो, त्याला कशाला वजाबाकीचा ताप?' असं म्हणून तुम्ही चारातून एक काढलात आणि किडावाबाईला सांगितलंत, "लिही, तातू." आता आपल्याकडे तीनालाही तातू म्हणतात, आणि शेकुएबाबांनी तिसऱ्या मुलीचं नावही तातू ठेवलं, हा काय माझा गुन्हा? किडावाबाईनं विचारलं, "मुलगी लिहू की तास?" तुम्ही म्हणालात, "तास गं बये!" मग तिला दया आली. तिचा नवरा कित्वेला, तेही झांबियातच, त्यालाही एक तास कमी असतो, तिला ह्यातलं सगळं कळतं! तिनं तीनातून आणखी एक काढला आणि मला लिहिलं 'दोन'. तुम्हाला सांगितलंसुद्धा नाही, म्हणे पुण्य गुपचूप करावं.

आणि मी, मूर्ख, मला वाटलं तुम्ही मकोकोनीचे दोन कळवलेत. मी त्यातून एक काढला. ऐका मामा, नीट ऐका, हे वाक्य दोनदा वाचा: तिघांच्या वजाबाक्यांत एकट्या माझीच वजाबाकी बरोबर होती! आणि बोलणी मी एकटा खातोय! माझ्या चाराला तुम्ही एक चावा घेतलात, किडावाबाईनं एक, आणि उरलेला तुकडा तोंडात घेऊन मी हॅलो म्हणालो.

तर त्या शुक्रवारी मी इथल्या सातला, आपल्या एकाला, दुकानाच्या मागे गेलो. हात रॉकेलनं धुतले. धुतलेली टोपी घातली (फोनवर दिसत नाही हे मला माहीत आहे, पण आवाजात टोपी कळते). फोन लावला. तिकडे दोन वाजले होते. शेकुएबाबा मशिदीपलीकडे डोकं भादरून घेत बसले होते, आणि फोन, चारच्या तयारीनं, घरात चार्जिंगला लावलेला होता. फोन उचलला गेला. पलीकडून बारीक आवाज आला. आता शेकुएबाबांचा आवाज केवढा बारीक आहे हे सगळ्या खाडीला माहीत आहे, ते अजान द्यायला उभे राहिले तर मांजरं येतात. मी काय समजणार? मी लगेच म्हणालो, "शिकामू."



मग, हळूच, "मराहाबा."

मला वाटलं, जिंकलं! आणि मी तुम्ही पाठ करून घेतलेलं सगळं भाषण सोडलं. की मी अमक्याचा मुलगा, अमक्याचा भाचा, हाताला काम आहे, दारूला शिवत नाही, तुमच्या पायाशी आलोय, मला पोटचा मुलगा समजा, चुकलो तर कान धरा, जेवायला घाला न घाला पण दारातून हाकलू नका. पलीकडून नुसतं "हं... हं..." चाललेलं. मध्येच ते "हं" कापायला लागलं. मला वाटलं बाबांना गहिवरून आलं. तर ते हसू होतं मामा! ती तातू होती! जिच्याशी लग्न करायचं तिचे मी पाय धरले, तिला 'तुमचा मुलगा समजा' म्हणालो, आणि तिनं ते पावतं करून घेतलं! मग कुणीतरी फोन ओढला आणि तातूची आत्या कडाडली, "कोण रे तू, सकाळी सकाळी आमच्या पोरीला आई म्हणणारा?" मी नाव सांगितलं. सांगायला नको होतं. ती म्हणाली, "बरं झालं, नातं आधीच कळलं. आईशी कुणी लग्न करत नाही," आणि फोन आपटला.

आता तुम्हीच सांगा, ह्यानंतर मी चार वाजता परत कशाला फोन करीन? मला कुठे माहीत की खरे चार अजून व्हायचेत? मला वाटलं झालं ते झालं, गेलं. फोन बंद केला आणि काँगोच्या एका ट्रकखाली शिरलो. आणि तिकडे शेकुएबाबा गुळगुळीत डोकं घेऊन, पांढरा झगा घालून, अंगणात पाच म्हातारे बसवून, फोन एका स्टुलावर घडीच्या कापडावर ठेवून वाट बघत बसले! तुम्ही आपले दर घटकेला 'आत्ता येईल, पोरगं वेळेचं पक्कं आहे' म्हणत बसलात. (हेही किडावाबाईनंच सांगितलं. तुम्ही तसं म्हणालात त्याबद्दल मेहेरबानी.) नमाज झाला, भात झाला, म्हाताऱ्यांनी बकरीची हाडंसुद्धा ठेवली नाहीत, फोन काही वाजला नाही. आणि उठताना शेकुएबाबांनी जे वाक्य टाकलं ते आता सगळ्या खाडीभर फिरतंय, "मला माझ्याच तासातला जावई पाहिजे."

त्यांच्या तासातला जावई म्हणजे कोण? तो मुहेझाचा संत्रीवाला! काय आहे त्याच्यात? एक मोटरसायकल आणि दोन सोनेरी दात. पण तो त्याच वेळेत राहतो! ही काय लायकी झाली? खांबसुद्धा त्याच वेळेत राहतो, शेळीसुद्धा राहते, मग तिच्याशीच द्या की लावून! मी इथे दोन देशांचे दोन तास आणि मालकाचा एक असे डोक्यावर घेऊन टायर फिरवतो, तातूसाठी एक पलंग करायला टाकलाय, त्याचे दोन पाय झालेसुद्धा, आणि हा बसल्या जागी संत्री सोलून जावई होणार!

तर मामा, शेवटचं सांगतो. मला हे लग्न नको. शेकुएबाबांना सांगा, तुमची मुलगी तुम्हाला लखलाभ. आत्याला सांगा, तुमची जीभ तुम्हाला लखलाभ. तुम्हाला काय सांगू? तुम्ही आईचे भाऊ, तुम्हाला शाप देता येत नाही (दोनदा प्रयत्न केला). पण इथून पुढे माझ्यावर दया करू नका. मी आता इथेच राहीन, फाटकाच्या बरोबर मध्ये झोपडी बांधीन, जिथे कुठलीच वेळ नाही, आणि तिथेच मरेन. कुठल्या वाराला मेलो हेही कुणाला कळायचं नाही.

मामीला सलाम. शेळीला नको.

तुमचा, तुम्हीच असा केलेला भाचा,
मबारुकू

ता. क. हे पत्र कॉफीच्या बाकावर मोठ्यानं वाचून दाखवू नका. पलंगाचं तर अजिबात सांगू नका.

ता. क. दुसरा. वरचं सगळं लिहून झालं, गोंद लावायचा राहिला होता, तेवढ्यात फोन आला. तातूचा. आत्या जेवून आडवी झाली तेव्हा तिच्याच फोनवरून. पहिलं वाक्य काय, तर "मुला, जेवलास का?" मी रागानं गोंदाची बाटली आपटली. ती म्हणाली, "आई विचारतेय, उत्तर द्यावं." मग हसायची थांबली आणि म्हणाली, संत्रीवाल्याची माणसं येत्या रविवारी तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर घरी येणार आहेत, बाबा त्या दिवशी शब्द देणार. बाबा म्हणतात मबारुकू त्याआधी स्वतः समोर येऊन बसला तर ऐकेन, फोनवर विश्वास नाही. मी म्हणालो, "बरं, पण किती वाजता पोचू?" तर ती अशी भडकली की मला तुमची आठवण झाली. "वाजता-वाजता काय लावलंयस? मी घड्याळाशी लग्न करणार आहे का? बसमध्ये बस!" आणि ठेवून दिला. म्हणून, वर 'लग्न नको' असं जे लिहिलंय ते खोडायचं होतं, पण कागद फाटेल म्हणून तसंच ठेवलं. तुम्ही वाचताना ते सोडून वाचा.

ता. क. तिसरा, आणि हाच खरा निरोप. सिमविंगा शनिवारी दुपारशिवाय पगार सोडत नाही, पगाराशिवाय तिकीट नाही, म्हणजे मी शनिवारी संध्याकाळच्या बसनं निघणार. वाटेत बस बिघडली नाही तरी रविवारी खाडीवर पोचायला मला असर उलटून जाईल, सूर्य बुडून मगरिबसुद्धा होईल कदाचित. संत्रीवाल्याला मोटरसायकल असली तरी ती पाण्यावरून चालत नाही. शेकुएबाबांच्या घरी जायला खाडी ओलांडावी लागते, आणि रविवारी खाडीवर होडी एकट्या तुमचीच असते. आणि होडी भरल्याखेरीज तुम्ही दोर सोडत नाही, बापानं बोलावलं तरी नाही, हे सगळ्या मुलखाला माहीत आहे. मामा, पाय धरतो, ह्या रविवारी ती होडी मी येईपर्यंत भरू देऊ नका. कुणी चढलं तर म्हणा अजून दोन माणसं पाहिजेत. दोन आली तर म्हणा गुडघा दुखतोय. संत्रीवाले ओरडले तर ओरडू द्या, त्यांना सावलीत बसवा, त्यांचीच संत्री खायला घाला. दिवसभराच्या फेऱ्यांचं तुमचं जे नुकसान होईल ते मी भरतो. पलंगाच्या उरलेल्या दोन पायांसाठी ठेवलेले पैसे तिकिटाला पुरत नाहीत, ते सगळे चांडेबरोबर पाठवलेत, मोजून घ्या, अठ्ठेचाळीस हजार पाचशे शिलिंग.